सरासरीत न मावणारे पक्षी



पक्षी जाळ्यात अडकला की अभ्यासकाच्या हाताशी तीन मिनिटं असतात. त्या तीन मिनिटांत त्याला जाळ्यातून अलगद सोडवायचं, उताणा धरायचा आणि पंख उघडून कोपराच्या आतल्या बाजूची पिसं ओल्या कापसाने बाजूला सारायची. तिथे त्वचेखालून एक निळसर शीर जाते. बारीक सुईने तिला टोचलं की रक्ताचा थेंब वर येतो. त्या थेंबाला केसासारखी पोकळ काचेची नळी नुसती टेकवली तरी रक्त आपोआप नळीत चढतं. मग कापूस दाबून रक्त थांबवायचं, नळीवर वेळ लिहायची आणि पक्षी कापडी पिशवीत ठेवायचा. अर्ध्या तासाने हेच सगळं पुन्हा, आणि मग पक्ष्याला सोडून द्यायचं.

या घाईचं कारण कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं संप्रेरक आहे. आपल्या शरीरात ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल वाढतं, तसं पक्ष्यांच्या शरीरात कॉर्टिकोस्टेरॉन. धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, पिट्युटरी मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथीला कळवते आणि ॲड्रिनल ग्रंथी हे संप्रेरक रक्तात सोडते. या साखळीला वेळ लागतो. मायकेल रोमेरो आणि मायकेल रीड यांनी 2005 मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. त्यांना दिसलं की दोन मिनिटांच्या आत घेतलेलं रक्त पक्ष्याची पकडण्याआधीची स्थिती सांगतं आणि तिसऱ्या मिनिटापर्यंतचंही त्याच्या बरंच जवळ असतं. म्हणून पहिल्या नळीत पक्ष्याचं रोजचं आयुष्य असतं आणि दुसऱ्या नळीत आपण त्याच्यावर आणलेलं संकट. या दोन आकड्यांमधलं अंतर हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. खरं सांगायचं तर, ते अंतर प्रत्येक पक्ष्याचं वेगळं का असतं, हा माझा विषय आहे.

ही व्याख्यानमाला ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ भरते, ते सहलीत विद्यार्थ्यांना पक्ष्याचं नाव शेवटी विचारत. आधी विचारत, "तो आत्ता काय करतोय? आणि शेजारचा तेच करतोय का?" त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाला शास्त्राने फार उशिरा हात घातला.

ताणाचा शास्त्रीय अभ्यास हान्स सेल्ये यांच्या 1936 मधल्या छोट्याशा टिपणापासून सुरू होतो असं मानतात. सेल्ये यांचे प्रयोग उंदरांवरचे होते आणि त्यांना दिसलं ते नुकसान: सुजलेल्या ॲड्रिनल ग्रंथी, आकसलेली थायमस ग्रंथी, जठरातले व्रण. तेव्हापासून ताण म्हणजे रोगाचं मूळ ही समजूत रुजली. पक्ष्यांचा अभ्यास प्रयोगशाळेतून रानात गेला तेव्हा ती बदलली आणि त्याचं मोठं श्रेय जॉन विंगफील्ड यांना जातं. मघाशी सांगितलेली, पकडून ठरावीक वेळांनी रक्त घेण्याची पद्धत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुळवली. वादळ आलं, अन्न संपलं, शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की कॉर्टिकोस्टेरॉन चढतं आणि पक्ष्याच्या कामांचा क्रम बदलतो. गाणं थांबतं, हद्दीची राखण थांबते, प्रसंगी अंडी सोडून दिली जातात. साठवलेली चरबी आणि प्रथिनं मोडून शरीराला ऊर्जा पुरवली जाते. पक्षी खाणं शोधतो, आडोसा धरतो किंवा ती जागाच सोडून जातो. विंगफील्ड यांनी 1998 मध्ये याला जीवनचक्रातला आणीबाणीचा टप्पा म्हटलं. वादळ सरलं की मेंदूच ग्रंथींना आवरतं घ्यायला सांगतो आणि पातळी खाली येते. सेल्ये यांना दिसलेलं नुकसान होतं ते ही पातळी दिवसेंदिवस खाली न आल्याने. एरवी हीच व्यवस्था पक्ष्याचा जीव वाचवते.

पण जीव वाचवण्याची किंमत असते. आर्क्टिक प्रदेशात उन्हाळा इतका आखूड असतो की घरटं एकदा सोडलं तर त्या वर्षी पुन्हा पिल्लं काढायला वेळच उरत नाही. अलास्काच्या टुंड्रात वीण करणाऱ्या पक्ष्यांच्या काही जातींमध्ये विणीच्या दिवसांत ताणाचा प्रतिसाद दबलेला आढळला. फ्रान्समध्ये आदाम लेंडवाई आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये चिमण्यांवर, आपल्या घरातल्या त्याच चिमणीवर, एक सुंदर प्रयोग केला. काही घरट्यांतली पिल्लं वाढवली, काहींतली कमी केली आणि मग आईबापांना पकडून रक्त घेतलं. ज्यांच्या पदरात जास्त पिल्लं होती, त्यांच्यात कॉर्टिकोस्टेरॉन कमी चढलं. घरट्यात गमावण्यासारखं जितकं जास्त, तितकं शरीर आणीबाणी जाहीर करायला नाखूश. दोन वर्षांनी वेरोनिका बोकोनी आणि सहकाऱ्यांनी 64 जातींची आकडेवारी एकत्र केली तेव्हा हाच कल जातीजातींमध्येही दिसला.

हे सगळं जातीबद्दल किंवा गटाबद्दल झालं. आता ज्या नळ्यांवर वेळ लिहिली होती त्यांच्याकडे परत जाऊ. एकाच दिवशी, एकाच कुंपणावर पकडलेल्या, एकाच जातीच्या, एकाच वयाच्या वीस नरांचे आकडे समोर मांडले तर एकाचं संप्रेरक अर्ध्या तासात किंचित चढलेलं असतं आणि दुसऱ्याचं त्याच्या कित्येक पट. वर्षानुवर्षं आम्ही या वीस आकड्यांची सरासरी काढली, तिच्या वरखाली एक उभी रेघ मारली आणि लेख छापला. ती उभी रेघ म्हणजे मोजमापातली गडबड, असा समज होता. कॅनडातले टोनी विल्यम्स यांनी 2008 मध्ये आपल्याच क्षेत्राला बजावलं की संप्रेरकांचा अभ्यास सरासरीच्या जुलमाखाली दबला आहे. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. निसर्गनिवड सरासरीवर चालत नाही. ती चालते फरकांवर, आणि तेही असे फरक जे पुढच्या पिढीत उतरतात. म्हणून प्रश्न असा की हा फरक उतरतो का?

पहिलं ठाम उत्तर पाळीव पक्ष्यांकडून आलं. अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत डॅनियल सॅटर्ली यांनी जपानी बटेरांवर काम केलं. आपल्याकडे अंड्यांसाठी आणि मांसासाठी पाळतात तीच ही बटेरं. पक्ष्याला थोडा वेळ जखडून ठेवायचं, मग रक्त तपासायचं. ज्यांच्यात कॉर्टिकोस्टेरॉन कमी चढलं त्यांची जोडी त्यांच्यातच लावायची, ज्यांच्यात जास्त चढलं त्यांची त्यांच्यात. पिढ्यान् पिढ्या हे केल्यावर दोन वेगळे वंश तयार झाले. कमी प्रतिसादाच्या वंशातले पक्षी कमी घाबरट निघाले आणि लवकर वयातही आले. निवड केली होती फक्त एका संप्रेरकाची, पण त्याच्या पाठोपाठ स्वभाव आणि वयात येण्याची वेळ हेही सरकलं. झेब्रा फिंच या लहानशा पक्ष्यावर ब्रिटनमध्ये असाच प्रयोग झाला आणि 2006 मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. तिथे आनुवंशिकतेचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास भरलं.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यावरून वर्तमानपत्रांत फार गोंधळ होतो. 20 टक्के आनुवंशिकता म्हणजे एका पक्ष्याच्या ताणाचा पाचवा भाग जनुकांनी बनवला आणि बाकीचा परिस्थितीने, असं नव्हे. त्या कळपातल्या पक्ष्यांमध्ये आपसात जो फरक दिसतो, त्या फरकाचा पाचवा भाग जनुकांच्या फरकाने समजावता येतो, एवढाच त्याचा अर्थ. एकाच पोत्यातली मिश्र ज्वारी अर्धी काळ्या रानात आणि अर्धी मुरमाड माळावर पेरली, तर एका रानातल्या ताटांमध्ये आपसात दिसणारा उंचीचा फरक बियाण्याचा असेल, पण दोन रानांमधला फरक मातीचा. आकडा कळपाचा असतो आणि त्या परिस्थितीचाही. परिस्थिती बदलली की तो बदलतो.

मोकळ्या रानात बी आणि माती वेगळी करायची कशी? इथे माळभिंगरी मदतीला आली. हिवाळ्यात आपल्या गावाबाहेरच्या विजेच्या तारांवर ओळीने बसलेली जी भिंगरी दिसते, ती हीच जात. युरोप-अमेरिकेतही ती वीण करते. अमेरिकेत ब्रिटनी जेंकिन्स, मॅरेन व्हिटाउसेक, जोआना हबर्ड आणि रेबेका साफ्रान यांनी घरट्यांची अदलाबदल केली. एका घरट्यातली काही पिल्लं दुसऱ्यात, त्यातली काही पहिल्यात. आता प्रत्येक घरट्यात काही सख्खी आणि काही परकी भावंडं एकाच आईबापांच्या चोचीतून तेच किडे खाऊन वाढू लागली. जे साम्य सख्ख्या भावंडांत वेगळ्या घरट्यांतही टिकतं ते जनुकांचं. जे साम्य परक्या भावंडांत एका घरट्यात उमटतं ते वाढवणुकीचं. 2014 मध्ये छापलेला निष्कर्ष फार बोलका आहे. पहिल्या नळीतली, म्हणजे शांत स्थितीतली पातळी मुख्यतः घरट्याच्या परिस्थितीने ठरत होती. दुसऱ्या नळीतली, म्हणजे संकटात चढणारी पातळी मात्र परिस्थितीबरोबरच बऱ्याच अंशी वंशातूनही आलेली होती. रोजचं आयुष्य मुख्यतः घरट्याचं, आणि संकटातल्या धावेत वंशाचाही वाटा. हा निष्कर्ष एका जातीचा, एका ठिकाणचा आहे हे मान्य करूनही मला तो या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मग पुढचा मोह साहजिक आहे: ते जनुक कोणतं? नेदरलँड्समध्ये ग्रेट टिट या पक्ष्यावर पिढ्यान् पिढ्या काम झालं आहे. आपल्याकडच्या राखी वल्गुलीची ही जवळची नातलग. तिथली चाचणी साधी आहे. पाच कृत्रिम झाडं उभी केलेल्या खोलीत पक्ष्याला एकटं सोडायचं आणि पहिल्या दोन मिनिटांत तो किती हालचाली करतो ते मोजायचं. काही पक्षी या झाडावरून त्या झाडावर भराभर जातात, काही एका फांदीवर बसून अंदाज घेतात. दोन्ही टोकांचे पक्षी निवडून वाढवले तर चार पिढ्यांतच वंश वेगळे होतात, हे पीट ड्रेंट आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवलं. सावकाश वंशातल्या पक्ष्यांमध्ये ताणाच्या वेळी कॉर्टिकोस्टेरॉन जास्त चढतं हेही पुढे दिसलं. 2007 मध्ये डीआरडी4 या, डोपामीनशी संबंधित जनुकातला एक बदल या स्वभावाशी जोडला गेला आणि 'जिज्ञासेचं जनुक सापडलं' अशी हवा झाली. 2010 मध्ये पीटर कोर्स्टेन आणि सहकाऱ्यांनी चार ठिकाणच्या रानटी पक्ष्यांवर तीच तपासणी केली. संबंध दिसला तो फक्त वेस्टरहाइड या एका ठिकाणी, जिथल्या पक्ष्यांत तो आधी सापडला होता. ताणाचा प्रतिसाद अनेक जनुकांच्या लहान लहान वाट्यांतून घडतो. एकच जनुक शोधून त्यावर बोट ठेवणाऱ्या बातमीवर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही.

त्याच ग्रेट टिटचा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. नील्स डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवलं की चपळ पक्षी जगतात की सावकाश, याला एक उत्तर नाही. एका वर्षी चपळ माद्या जास्त टिकल्या आणि नर मात्र सावकाश असलेले टिकले. दुसऱ्या वर्षी हे नेमकं उलटलं. बीच वृक्षाच्या बिया ज्या हिवाळ्यात भरपूर पडल्या आणि ज्या हिवाळ्यात पडल्या नाहीत, त्या हिवाळ्यांचा हा फरक. म्हणजे निसर्गनिवडच दर काही वर्षांनी आपली पसंती फिरवते. म्हणून दोन्ही स्वभाव शिल्लक राहतात. उत्तम पक्षी असा कोणी नाही. ज्या कळपात दोन्ही प्रकार आहेत, तो कळप बऱ्यावाईट दोन्ही हिवाळ्यांतून पार पडतो.

शहरांनी निवडीचा असाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर आपल्यासाठी मांडून ठेवला आहे. डोंगरात वीण करणारा जंको हा पक्षी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन डिएगोच्या विद्यापीठाच्या आवारात घरटी करू लागला. तिथे माणसं आहेत, मोटारी आहेत आणि सौम्य हवामानामुळे विणीचा हंगामही लांब आहे. एलन केटरसन यांच्या गटाने तिथली आणि जवळच्या डोंगरातली लहान वयाची पाखरं नेऊन एकसारख्या पिंजऱ्यांत वाढवली. जोनाथन ॲटवेल आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये लिहिलं की परिस्थिती एकच करूनही आवारातल्या पक्ष्यांचा धीटपणा जास्त आणि ताणाचा प्रतिसाद कमी राहिला. जर्मनीत येस्को पार्टेके यांनी म्युनिकमधली आणि जंगलातली ब्लॅकबर्डची पिल्लं हाताने वाढवली. आपल्या सह्याद्रीत पहाटे गाणाऱ्या कस्तुराचा हा युरोपातला भाऊबंद. 2006 मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार घरट्यातून निघाल्यावर लगेच दोन्ही गटांत फरक नव्हता. पुढे मात्र शहरी पक्ष्यांचा प्रतिसाद कमी पडू लागला. सतत मोटारीच्या भोंग्याने उडणाऱ्या पक्ष्याला पिल्लांना भरवायला वेळ मिळणार नाही, हे उघड आहे.

पण यावरून शांत पक्षी यशस्वी असा नियम करू नका. चिमणी केनियात पोचली ती मोंबासा बंदरात, 1950च्या सुमारास, आणि तिथून आत पसरत गेली. अँड्रिया लीबल आणि लिन मार्टिन यांनी 2012 मध्ये तिच्या पसरण्याच्या वाटेवरच्या गावांत चिमण्या पकडून तपासल्या. सर्वांत पुढे, नव्याने वसलेल्या ठिकाणच्या चिमण्यांमध्ये ताणाचा प्रतिसाद जास्त तीव्र निघाला. अनोळखी मुलखात आणीबाणी लवकर ओळखणं उपयोगाचं पडत असावं. या चिमण्यांमध्ये जनुकांचं वैविध्य कमी आहे, पण डीएनएवर बसणाऱ्या आणि जनुकांचं चालू-बंद होणं बदलणाऱ्या रासायनिक खुणांचं वैविध्य भरपूर आहे, हेही याच गटाने दाखवलं.

इथे अंड्याबद्दल बोललं पाहिजे. लिसा हेवर्ड आणि विंगफील्ड यांनी 2004 मध्ये बटेराच्या माद्यांमध्ये कॉर्टिकोस्टेरॉन वाढवलं, तर ते अंड्याच्या बलकात उतरलं. त्या अंड्यांतून निघालेली पिल्लं सावकाश वाढली आणि मोठेपणी त्यांचा ताणाचा प्रतिसाद तीव्र राहिला. जनुक तेच, पण आईने पाहिलेलं जग बलकातून पिल्लापर्यंत पोचलं. म्हणूनच सॅन डिएगोच्या निष्कर्षाकडे मी जपून पाहतो: ती पाखरं पिंजऱ्यात आली तेव्हा अंड्यातला आणि घरट्यातला काळ त्यांच्या अंगात मुरलेला होता.

माणसाने हजारो वर्षं नकळत चालवलेला निवडीचा प्रयोग म्हणजे कोंबडी. तिचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. स्वीडनमध्ये लिंशोपिंगला पेर येन्सेन यांच्या गटाने व्हाइट लेगहॉर्न कोंबड्या आणि रानकोंबडे यांची तुलना केली तेव्हा रानकोंबड्यांचा प्रतिसाद बराच जास्त भरला आणि ॲड्रिनल ग्रंथीतल्या, स्टेरॉइड घडवणाऱ्या जनुकांच्या कामातही फरक दिसला. पाळीवपणा ग्रंथींपर्यंत पोचलेला आहे.  

कोंबडीचं उदाहरण मी मुद्दाम दिलं. संवर्धनासाठी पक्षी पिंजऱ्यात वाढवताना आपण नकळत हाच प्रयोग पुन्हा सुरू करतो. माळढोकासाठी जैसलमेरजवळ 2019 पासून असं केंद्र आहे आणि तिथल्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. आपल्या नान्नजच्या माळावर हा पक्षी पुन्हा दिसायचा असेल तर असे प्रयत्न लागतीलच. पिंजोरच्या केंद्रातली गिधाडं 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली गेली. पण पिंजऱ्यात शांत राहणारा पक्षी तिथे जास्त पिल्लं देतो, म्हणून शांतपणाचीच निवड होते, आणि रानात त्याला कदाचित नेमकी दचकण्याचीच गरज असते. शिवाय नेणं-आणणं हाच एक मोठा ताण. अमेरिकेत मॉली डिकेन्स आणि सहकाऱ्यांनी चुकर तितरांवर दाखवलं की पकडणं, कोंडणं आणि नव्या जागी सोडणं या सगळ्याने पक्ष्याची ताण हाताळण्याची व्यवस्थाच विस्कटते. सोडल्यानंतर किती पक्षी जगले एवढं मोजून भागणार नाही. कोणते जगले, त्यांच्या ताणाचा आधीचा आकडा काय होता, ते कोणत्या आईबापांचे, हे लिहून ठेवायला हवं. त्यासाठी दर वेळी सुईच हवी असं नाही. गॅरी बोर्टोलोट्टी आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं की पीस वाढत असताना रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन त्यात साठतं. पिंजऱ्यात गळलेल्या पिसात, ते वाढत होतं त्या काळाचा ताण वाचता येतो आणि पिसाच्या बुडख्यातून डीएनए मिळतो.

आता महाराष्ट्राबद्दल एक सूचना मांडतो आणि थांबतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या कामामुळे चिमणीची लाकडी घरटी हजारो घरांच्या भिंतींवर गेली आणि 20 मार्च हा चिमणी दिवस शाळाशाळांत माहीत झाला. लाकडी घरटं ही चिमणीची सोय आहेच, पण जनुकशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी ते सोनं आहे, कारण त्यात कोणती पिल्लं कोणाची हे कळतं. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात 1947 पासून अशाच पेट्यांमधून ग्रेट टिटच्या वंशावळी लिहिल्या जात आहेत. इंग्लंडच्या लंडी बेटावर चिमण्यांच्या पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ डीएनएवरून तयार आहे. आपल्याकडे एखाद्या महाविद्यालयाने आपल्या आवारात आणि पंचक्रोशीतल्या एखाद्या गावात मिळून दोनेकशे पेट्या लावाव्यात, वनखात्याची परवानगी काढून पिल्लांच्या पायांत वाळी घालावीत, दर हंगामात प्रत्येकाचं एक पीस जपून ठेवावं. पहिली पाच वर्षं त्यातून काही छापण्यासारखं हाती लागणार नाही. सहाव्या-सातव्या वर्षी आजी, मुलगी आणि नात एकाच वहीत येतील, आणि एप्रिलमधल्या उन्हात कोणाचं घरटं टिकलं व कोणाचं सुटलं हे त्यांच्या पिसांतल्या आकड्यांशी ताडून पाहता येईल. अशा कामाला तीन वर्षांचं अनुदान पुरत नाही. त्याला विभागप्रमुख बदलला तरी वही पुढे चालवणारा विभाग लागतो. या सभागृहात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक बसले आहेत. या पावसाळ्यात पेट्या तयार झाल्या, तर पुढच्या विणीला पहिली पिल्लं नोंदवता येतील.